खालच्या तीन ओळी

धाकटीने औषधांची पिशवी टेबलावर पालथी केली आणि गोळ्यांची एकेक पट्टी उजेडात धरून बघू लागली. घरात असतील नसतील ती सगळी औषधे घेऊन या, असे डॉक्टरांनी बजावले होते. पहिली पट्टी अर्धी रिकामी होती. बाकीच्या पाचांना कुणी नखसुद्धा लावले नव्हते.

"वहिनी, दादा या गोळ्या घेत नव्हता?"

वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. परवा सकाळी याच ओट्यापाशी दादा उभ्याचा आडवा झाला होता. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. रक्तदाब भलताच चढला होता.

"दोन महिने झाले बंद करून," वहिनी न वळता म्हणाली. "जवस घ्यायचे. रोज दहा ग्रॅम, काट्यावर तोलून."

काटा फडताळातच होता, शेजारी पितळी वजने आणि जवसाची बरणी. दादाची सगळी नोकरी दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. काटा खरा निघाला तर वहीत 'तपासले' असे लिहायचे आणि खाली तपासणाऱ्याचे नाव. लोक दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकतात, हा न पोळताच फुंकायचा. लग्नाच्या वेळी मध्यस्थाने मुलीचे वय सांगितले, तेव्हा याने भर बैठकीत विचारले होते, "कशावरून?" ही गोष्ट सांगताना वहिनीला दरवेळी हसू आवरत नसे. धाकटीलाही त्याने लहानपणी तेच शिकवले. कुणी काही सांगितले की आधी विचार, कशावरून. पुढे ती वर्तमानपत्रात उपसंपादक झाली, पुरवणीतले आरोग्याचे पान तिच्याकडे आले, तेव्हा दादाने आळीभर पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

अशा माणसाला जवसाची भुरळ पडली कशी?

"हे त्याच्या डोक्यात भरवलं कुणी?" तिने विचारले. तिला खरोखरच राग आला होता.

वहिनी वळली. हात पुसून तिने वरच्या कप्प्यातली जाड वही काढली आणि धाकटीपुढे ठेवली.

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

वहीत कात्रणे होती. आठवड्यात चष्मा घालवा, असे एका कात्रणात म्हटले होते. बाजूला दादाचे लाल शाईतले अक्षर: कशावरून? दुसऱ्यापाशी: किती माणसांवर? तिसऱ्यापाशी: विकतो कोण? एकाला तर नुसतेच 'थाप' म्हणून निकालात काढले होते. पाने उलटताना धाकटीला आपल्या भावाचे कौतुकच वाटत होते. मग ती चौकट आली. 'मूठभर जवस, रक्तदाब वश.' मथळा तिचाच होता. जमला म्हणून त्या दिवशी ती स्वतःवरच खूश झाली होती.

शेजारी एकही प्रश्न नव्हता. नुसते 'तपासले', तारीख आणि खाली नाव: धाकटी.

तिने ओळी मोजल्या. अकरा. लिहिल्या होत्या चौदा.

तो दिवस तिला लख्ख आठवला. पान छपाईला जायला दहा मिनिटे होती, तिच्यापुढे डबा उघडा होता, आणि गाद्यांच्या सेलची जाहिरात आली. पुरवणीप्रमुख पलीकडून म्हणाले, तीन ओळी उडव. बातमी खालून कापायची, हे तिला पहिल्या आठवड्यात शिकवले होते. महत्त्वाचे ते वर, किरकोळ ते खाली. तिने एका हातात घास धरून दुसऱ्या हाताने तीन ओळी उडवल्या. हा प्रयोग उंदरांवर झाला आहे. माणसांवर अजून झालेला नाही. चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. कापताना तिने ना त्या वाचल्या, ना त्या खाली का गेल्या याचा विचार केला.

"मी म्हटलं होतं, डॉक्टरांना विचारा," वहिनी सांगत होती. "तर म्हणाले, हे धाकटीच्या हातून गेलंय. प्रश्न विचारायला तिला मीच शिकवलंय, आता परत मी काय विचारू?"

"खाली अजून तीन ओळी होत्या, वहिनी."

"मग?"

"मी कापल्या."

वहिनी खुर्चीवर बसली.

"दवाखान्यात हे बोलू नकोस," ती म्हणाली. "तुझी नोकरी जाईल. आणि यांच्या कानावर गेलं तर हाय खातील. मी सांगते काहीतरी."

वही मात्र धाकटीने पिशवीत टाकली.

डॉक्टरांनी दादाच्या खाटेशीच पट्ट्या तपासल्या. दादा जागा होता. तोंड एका बाजूला ओढले गेले होते, पण डोळे पूर्वीचेच होते, काट्यावर रोखल्यासारखे.

"कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?"

"शेजारी कुणीतरी म्हणालं," वहिनीने पटकन सांगून टाकले. "जवस घ्या म्हणून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले.

"दोन महिन्यांतला हा तिसरा पेशंट. तिघंही जवसवाले. पहिल्या बाई गेल्या. कुठून येतं हे, विचारलं की सगळे शेजाऱ्याचं नाव सांगतात."

दादापुरते बोलून निभावेल, असे धाकटीने वाटेत ठरवले होते. पुरवणी किती घरांत जाते हा आकडा तिला पाठ होता, दरवर्षी जाहिरातदारांना तो तीच लिहून पाठवायची.

तिने पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडून खाटेवर ठेवले.

डॉक्टर वाकले, पण त्याआधी दादाचा डावा हात चादरीवरून सरकत आला. अजून त्या हाताला नीट सवय नव्हती. दोनदा घसरला. तिसऱ्यांदा त्याने वहीचा कोपरा पकडला, वही मिटली आणि वर तळहात दाबून धरला. वहिनीने मान दुसरीकडे वळवली.

दादा धाकटीकडे बघत होता. डोळे भरले होते, पण प्रश्न नव्हता त्यांत. म्हणजे चौकट चुकली होती हे त्याला कळले होते, कदाचित पडल्या क्षणीच.

"दादा, सोड," ती म्हणाली.

त्याने सोडले नाही. मग तिने लहान मुलाचा काढावा तसा त्याचा हात हळूच उचलून बाजूला ठेवला, आणि वही पुन्हा उघडली.

डॉक्टरांनी वाचले. बोट 'तपासले'वर थांबले.

"ही धाकटी कोण?"

"मी," ती म्हणाली. "पण मी तपासलं नव्हतं."