भिजल्यावर तापणारं लोखंड

रायपूरजवळ सिलतऱ्याला स्पंज आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड, बनवणाऱ्या एका कारखान्यात धर्मपाल गजभिये नमुने गोळा करायचा. भट्टीतून निघालेल्या मालातून डबाभर उचलायचा, लॅबमध्ये पोचवायचा, चिठ्ठी लावायची. एकोणीस वर्षं हेच काम. घरी आल्यावर कारखान्याचा विषय तो सहसा काढत नसे. पण जूनमधल्या एका संध्याकाळी भाताचा घास घेता घेता सहज बोलून गेला, "आज पाण्याचा पाइप फुटला अन् मालाचा आख्खा ढीग ओला झाला. घंटाभरात असा तापला का हात लावता येईना."

त्याची मुलगी रीना समोरच बसली होती. तिचा हात ताटातच थांबला. "पाण्यानं तापला? बाबा, पाण्यानं तर सब चीज थंडी होते ना?"

"हे तापते. आमी पाहतोच नेहमी."

"काहून तापते?"

धर्मपाल हसला. "ते मले कोण सांगन? नमुना उचलाचा, पोचवाचा. काहून ते लॅबवाले जाणे."

रीना नुकतीच बारावी झाली होती. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करायचं पक्कं होतं, कुठं करायचं ते नव्हतं. नव्या रायपूरच्या रस्त्यावरच्या एका खाजगी कॉलेजातून रोज फोन येत होते. तिथली वर्षाची फी धर्मपालच्या आठ महिन्यांच्या पगाराएवढी होती. सरकारी युनिव्हर्सिटीत त्या पैशांत तिन्ही वर्षं होऊन वर उरले असते. तरी धर्मपालचं मन खाजगीकडेच होतं. कारखान्यात येणारी टाय लावलेली पोरं तिथलीच, असं त्याला वाटे. आणि खरी गोष्ट त्यानं बायकोजवळ बोलून दाखवली होती : "सस्तं होतं म्हणून पोरीले तिकडं ढकललं, असं कोणी म्हणू नये."

शनिवारी बापलेक मोटरसायकलवर कॉलेज पाहायला गेले. काचेचं दार, थंडगार हॉल, प्यायला सरबत. काउंटरवरचा माणूस बसचे मार्ग सांगू लागला, नोकऱ्या कुठं कुठं लागल्या ते सांगू लागला. रीनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, स्पंज आयर्न भीगने से गरम क्यों होता है?"

माणूस गोंधळला, पण भला होता. "रुको बेटा," म्हणत आत गेला आणि एका तरुण बाईंना घेऊन आला. त्या केमिस्ट्रीच्या अपर्णा मॅडम. पोरगी मराठी आहे कळल्यावर त्या मराठीतच बोलू लागल्या.

"लोखंड गंजताना उष्णता निघते. साधा खिळा गंजायला कितीतरी दिवस लागतात, म्हणून आपल्याला ती कळत नाही. हे लोखंड भोकाभोकांचं असतं. ओलावा आणि हवा आतपर्यंत शिरते, सगळीकडून एकदम गंजायला लागतं. म्हणून तापतं." त्यांनी फळ्यावर समीकरणही मांडून दाखवलं.

रीनाचा चेहरा उजळला. "मॅडम, आपण करून पाहू?"

"लॅब सत्र सुरू झाल्यावरच उघडते ग. आणि बाहेरचं सामान आत न्यायला परवानगी लागते."

"तुम्ही इथंच शिकल्या?"

मॅडम हसल्या. "नाही, युनिव्हर्सिटीत. तिथं हिरालालभैया असतील अजून, लॅबवाले. त्यांना विचार, करू देतील." मग त्यांनी आपला नंबर कागदावर लिहून दिला. "काय झालं ते मला सांग हं."

परतताना धर्मपाल खुशीत होता. "पाह्यलं? एका मिनटात जवाब देला. हे खरं कॉलेज!"

"हव," रीना म्हणाली. उत्तर तिला पटलंही होतं. पण तापताना पाहायचं राहिलं होतं, आणि ते तिला स्वस्थ बसू देईना.

मंगळवारी धर्मपालनं सुट्टी टाकली. आदल्या दिवशीच्या मालातला, तपासून झाल्यावर फेकायचा नमुना त्यानं साहेबांना विचारून घट्ट झाकणाच्या डब्यात आणला होता. युनिव्हर्सिटीतल्या लॅबच्या दाराचा रंग उडालेला होता, पंखा किरकिरत होता. सर परीक्षेच्या कामाला गेलेले. पांढऱ्या मिशांचा हिरालाल एकटाच बाटल्या पुसत बसला होता. अपर्णाचं नाव ऐकताच त्यानं फडकं बाजूला ठेवलं. "हमर अपर्णा? आ नोनी, भीतर आ," छत्तीसगढीत म्हणत त्यानं रीनाला आत बोलावलं.

काचेच्या भांड्यात पाणी, त्यात मूठभर माल, त्यात थर्मामीटर. तिघं वाकून पाहत राहिले. एकतीस अंश. दहा मिनिटांनी एकतीस. अर्ध्या तासानं एकतीसच.

"मी खोटं नाही सांगून राहिलो," धर्मपाल कानकोंडा होऊन म्हणाला. "ह्या हातानं पाह्यलं मी."

"त काबर नइ होइस?" हिरालालनं मिशीवरून हात फिरवला. मग का नाही झालं, हे त्यालाही कळेना. पण आवरायला घ्या, असं काही तो म्हणाला नाही. रीनाकडे स्टूल सरकवून स्वतः दुसऱ्यावर बसला.

रीना भांड्याकडे टक लावून होती. मॅडमचं समीकरण चुकलं नव्हतं, बाबाही खोटं बोलत नव्हते. मग दोघांच्या मधलं काय सुटलं?

"बाबा, ढीग किती मोठा असते?"

"माह्या डोक्याच्या वर."

"अन् पाण्यात बुडलेला, का नुस्ता ओला?"

"नुस्ता ओला. पाणी तर वाहून जाते."

रीना ताडकन उठली. "मग आपण चुकून राहिलो! इथं इतकंसं लोखंड अन् भांडंभर पाणी. जे काही गरम होते ते सगळं पाणीच खाऊन टाकते. अन् पाण्याच्या आत हवा कुठून जाईन? ढिगातली गर्मी बाहेरच निघत नाही, म्हणून तो तापते. बाबा, तुमचा थर्मास द्या."

"थर्मास? त्यात चहा पितो मी!"

"द्या ना!"

धर्मपालनं हिरालालकडे पाहिलं. हिरालाल गालात हसत होता. उरलेला चहा तिघांनी वाटून प्यायला, थर्मास धुऊन पुसून कोरडा केला. डब्यातला उरलेला माल त्यात भरला, वर चार चमचे पाणी शिंपडलं, तोंडाला कापसाचा सैल बोळा, त्यातून थर्मामीटर.

पंधरा मिनिटांनी बत्तीस. अर्ध्या तासानं चौतीस. रीना वहीत आकडे मांडत गेली. दोन वाजता लॅब बंद करायची वेळ झाली तेव्हा पारा अडतीसवर होता. हिरालालनं किल्ली खिशातून काढली आणि परत खिशातच ठेवली. आपला जेवणाचा डबा उघडून त्यानं भाजीचा एक एक वाटा बापलेकीपुढे सरकवला. चार वाजता त्रेचाळीस झाले. धर्मपाल स्टुलावरून उठून लहान पोरासारखा ओरडला, "पाहा! म्हटलं होतं का नाही मी!"

रीनानं तिथूनच अपर्णा मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी आकडे पुन्हा विचारून घेतले. "भांड्यात होत नाही, हे मला माहीत नव्हतं ग. मी कधी करूनच पाहिलं नाही." मग त्या म्हणाल्या, "एक सांगते. आमच्याकडे तास बुडत नाहीत, आम्ही मुलांच्या मागे लागतो. तिथं कोणी मागे लागणार नाही. एखादा विषय तुझा तुलाच वाचावा लागेल. नीट विचार कर."

रीनानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी धर्मपाल म्हणाला, "फीची चिंता नको करू. मी पाहतो."

"पैशासाठी नाही बाबा. मले तिथंच शिकाचं आहे. नाही तापलं तरी हिरालालभैयानं आपल्याले 'घरी जा' नाही म्हटलं."

धर्मपाल म्हणाला, "लोकाईनं विचारलं तर?"

"सांगजा, पोट्टी ऐकत नाही."

तिनं युनिव्हर्सिटीतच नाव घातलं. मॅडमचं म्हणणं खरं ठरलं. एका विषयाला दिवाळीपर्यंत शिक्षकच नव्हते, आणि तो विषय चौघी मैत्रिणींनी मिळून कसाबसा वाचला. पहिल्या चाचणीत रीनाला त्यात कमी गुण पडले. खाजगी कॉलेजाची बस चौकातून जाताना दिसली की कधी कधी ती वळून पाहायचीही. पण लॅबचा दिवस असला की ती सकाळी सातलाच घराबाहेर पडायची.

नोव्हेंबरात एकदा धर्मपाल ड्यूटीवरून आला तो बूटही न काढता दारातच उभा राहिला. "रीना, एक गोष्ट किती वर्षांपासून माह्या डोक्यात आहे. क्रेनचं चुंबक थंड लोखंड उचलते. लालभडक तापलेलं उचलत नाही. काहून?"

रीनानं पुस्तक मिटलं. "मले नाही माहीत, बाबा. थंड होता होता कधी धरते, ते पाह्यलं तुमी?"

"नाही पाह्यलं."

"मग उद्या पाहा ना. लाली जायच्या आधी का नंतर."

"लाली जायच्या आधी का नंतर," धर्मपाल स्वतःशीच म्हणाला, आणि बुटाची नाडी सोडायला खाली बसला.