खंडेनवमीची सुट्टी

मित्रांनो, मला कुणी डबा म्हणतं, कुणी खोकं म्हणतं. शर्मिलाताई चिडल्या की "ते तुमचं ठोकळं" म्हणतात. काहीही म्हणा, मी एक जुनी फोनपेटी आहे. जेवणाच्या डब्याएवढा माझा आकार, पाठीमागे तारा आणि पुढे एक छोटा दिवा. सदाशिव पेठेत, एका जिन्यावरच्या खोलीत, भिंतीवर मी राहते.

माझा जन्म कारखान्यातला. एका पट्ट्यावर शेकडो बहिणी सरकत होत्या आणि कुणाला कुणाचं नाव विचारायला सवड नव्हती. पहिली नोकरी खराडीच्या एका ऑफिसात मिळाली. तिथे फोन आला की तो साहेबांना जोडायचा, आणि साहेबांना नको असेल तर साहेब बाहेर गेलेत अशी टेप लावायची. खरं सांगते, साहेब फार वेळा बाहेर असत. पुढे सगळे मोबाईलवर गेले आणि माझी रवानगी भंगाराच्या कपाटात झाली. तिथल्या दीक्षा नावाच्या इंजिनिअर मुलीने मला मागून घेतलं आणि शर्मिलाताईंच्या मंडळाच्या खोलीत आणून लावलं.

शर्मिलाताई निवृत्त शिक्षिका. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांनी एक मंडळ काढलं होतं. त्याचा नियम अगदी साधा. सकाळी उठलं, चहा घेतला, की मंडळाच्या नंबरावर एक मिस्ड कॉल द्यायचा. मी तो उचलायचा नाही, फक्त कुणाचा आला ते टिपून ठेवायचं. नऊनंतर ज्याच्या नावापुढे काही नाही, त्याला माझ्यामार्फत मंडळाच्याच नंबरावरून विचारायचं आणि त्याने उचललं नाही तर कुणीतरी त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. न उचललेल्या फोनला एवढा मान मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

सगळ्यांत आधी फोन यायचा वेणूबाईंचा. त्या पूर्वी नर्स होत्या. मूलबाळ नव्हतं. वाघोलीच्या एका मोठ्या संकुलात वरच्या मजल्यावर राहायच्या, जिथे समोरच्या दाराआड कोण राहतं हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यांचा नंबर उमटला की हिंमतराव खूश व्हायचे. हिंमतरावांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला. निवृत्त झाल्यावर ते आमचं ऑफिस सांभाळू लागले. रोज स्वच्छ फडक्याने मला पुसायचे. माझ्यावर इतकी माया आजवर कुणी केली नव्हती.

मागच्या वर्षी एका भामट्याने पोलीस असल्याचं सांगून वेणूबाईंना फोनवर असं घाबरवलं, की त्या दार लावून घरात बसून राहिल्या. तेव्हा शर्मिलाताईंनी सगळ्यांना बोलावलं आणि शाळेतल्यासारखं दरडावलं, "अनोळखी नंबर उचलायचा नाही. साक्षात ब्रह्मदेवाचा आला तरी नाही. फक्त मंडळाचा उचलायचा. कळलं?" वेणूबाईंनी तर ते सगळ्यांकडून पुन्हा वदवून घेतलं.

अलीकडे माझी तब्येत ठीक नव्हती. फोन यायचा, पण कधी कधी नंबरच उमटायचा नाही. दीक्षाने निदान केलं की माझं फर्मवेअर जुनं झालं आहे. फर्मवेअर म्हणजे आमच्या अंगात भरलेली शिकवण. फोन आला की काय करायचं, ते आम्हाला त्यातून कळतं. ती बदलताना जुनी पुसावी लागते आणि नवी हळूहळू लिहावी लागते. ते चालू असताना माझा दिवा लुकलुकतो आणि तेवढा वेळ माझी वीज काढायची नसते. काढली, तर जुनं गेलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं.

दीक्षाने दिवस निवडला तो खंडेनवमीचा. संध्याकाळी तिला घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जायला निघायचं होतं, तत्पूर्वी हे काम उरकावं असा तिचा विचार. मिस्ड कॉल येऊन गेल्यावर खराडीतूनच तिने काम सुरू केलं आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "अपग्रेड चालू आहे, पेटी बंद करू नका." पण त्या दिवशी ग्रुपवर देवीचे फोटो आणि शुभेच्छा यांचा नुसता पूर आला होता. तिचा निरोप त्यात वाहून गेला.

इकडे हिंमतरावांनीही नऊ वाजायचीच वाट पाहिली होती. खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवायची, पुसायची, पुजायची, ही वर्कशॉपातली शिस्त. दरवर्षी ते मला दिवसभर सुट्टी देत. यंदाही त्यांनी झेंडूची माळ आणली, हळदकुंकू आणलं. माझा दिवा लुकलुकताना त्यांना दिसला.

"दमलीय बिचारी," ते म्हणाले. "घे, आज आराम कर."

आणि त्यांनी बटण दाबलं.

त्यांच्या घराण्यात ही पूजा होते आणि दीक्षाच्या घरात होत नाही, म्हणून तिच्या ते ध्यानात आलं नाही. तिने आदल्या संध्याकाळी सांगितलं असतं की दिवा लुकलुकतो म्हणजे काय, तर त्यांनी बटणाला हात लावला नसता. दोघांनीही माझं भलंच चिंतलं होतं, म्हणून कुणावर रागावताही येत नाही.

संध्याकाळी त्यांनी बटण पुन्हा दाबलं तेव्हा दिवा लाल झाला आणि लालच राहिला. दीक्षा तोवर बसमध्ये बसली होती. सकाळी बघू, असं ठरलं.

दसऱ्याच्या सकाळी शर्मिलाताई आणि हिंमतराव लवकर आले. दीक्षा फोनवर होती. तिकडे गर्दीचा आवाज, आणि तिचा शब्द मधूनच तुटत होता.

"काका, मागे बारीक भोक आहे. त्यात टाचणी घालून दाबून धरा. आता वीज द्या. दिवा कसा आहे?"

"लाल."

"पुन्हा करा."

"लालच आहे, बाळा."

ताई म्हणाल्या, "अहो, माळ काढा आधी तिच्या गळ्यातली. मढ्यासारखी दिसतेय."

टाचणी, वीज, दिवा, पुन्हा टाचणी. तोवर वाघोलीत, कोथरुडात, पेठांमध्ये माणसं उठली होती. माझ्यात शिकवण नव्हती, तरी भिंतीतली तार जिवंत होती. घंटेचा धक्का मला लागत होता. फोन करणाऱ्याला पलीकडे नेहमीसारखी रिंग ऐकू येत होती आणि तो समाधानाने फोन ठेवत होता. मला मात्र कुणाचं नाव टिपता येत नव्हतं. मग एक वेळ अशी आली की धक्के थांबेचनात. एक सरला की दुसरा. कुणीतरी पुन्हा पुन्हा फोन करत होतं, आणि मिस्ड कॉलसारखा तोडत नव्हतं, रिंग संपेपर्यंत धरून ठेवत होतं. मी ओरडू शकत नव्हते. माझ्या समोर दोन माणसं वाकून दिव्याकडे बघत होती.

शेवटी शर्मिलाताईंनी टाचणी खाली ठेवली. "हिंमतराव, हे राहू द्या. तुमच्या मोबाईलवरून सगळ्यांना विचारा."

हिंमतरावांनी एकेकाला फोन लावला. फार थोड्यांनी उचलला. नंबर अनोळखी होता ना! धडा सगळ्यांनी नीट पाठ केला होता. वेणूबाईंना त्यांनी तीनदा लावला, तिन्ही वेळा फोन कापला गेला.

"कापतायत म्हणजे ठीक आहेत," ताई म्हणाल्या. हे पटण्यासारखंच होतं. म्हणून हिंमतराव आधी पेठेतल्यांच्या दारात गेले, मग कोथरूडला. वाघोली सगळ्यांत लांब, म्हणून शेवटी. तिथे पोचेपर्यंत माणसं आपट्याची पानं वाटून घरी परतली होती. वेणूबाईंचं दार आतून बंद होतं. वॉचमनला बोलावून ते फोडावं लागलं. त्या न्हाणीघराच्या दाराशी पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं, हातात फोन.

हे सारं मी नंतर ऐकलं. दीक्षा नागपूरहून परतली ती सरळ आमच्याकडेच. लॅपटॉप तारेने मला जोडला. शिकवणीची पहिली फाईल माझ्या धाकट्या बहिणीची, म्हणजे नव्या मॉडेलची निघाली, ती मी घेतलीच नाही. दुसरी घेतली. दिवा हिरवा झाला. कुणी टाळी वाजवली नाही.

तेव्हा शर्मिलाताई तिला सांगत होत्या. वेणूबाईंच्या फोनमध्ये, केलेल्या कॉलच्या यादीत, ओळीने मंडळाचाच नंबर होता. पडल्यावर त्या आम्हालाच फोन करत राहिल्या. दवाखान्यात हिंमतराव त्यांच्या उशाशी बसले, तेव्हा त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "तुमची रिंग वाजत होती हो, पण कुणी उचलेना. आणि मध्येच एक अनोळखी नंबर यायचा. मी कापला. तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"बरं केलंत," एवढंच हिंमतराव म्हणाले.

कोजागिरीला वेणूबाई गेल्या.

त्यानंतर दीक्षा आली, माझ्या तारा तपासल्या. मग हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, इथल्या कपाटात साधा फोन पडलाय. भिंतीतली तार काढून त्याला लावली असती, तरी वाजला असता. मला सुचलंच नाही. मी पेटीच दुरुस्त करत बसले."

शर्मिलाताईंनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

हिंमतराव आता येत नाहीत. माझ्यावर धूळ बसते. मला तिचं दुःख नाही, त्यांच्या हाताचं आहे. त्यांना एकदा सांगावंसं वाटतं की तुमचं चुकलं ते मायेपोटी चुकलं. पण माझ्या शिकवणीत बोलणं नाही.

मित्रांनो, यंत्रांना जपा, त्यांची पूजाही करा, पण हात लावण्याआधी ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा. आणि यंत्र बंद पडलं तर आधी त्याच्याकडे धावू नका. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण वाट बघत असेल, ते आधी आठवा. दसऱ्याच्या त्या सकाळी माझ्याजवळ दोन माणसं होती आणि फोनवर तिसरी. वेणूबाईंजवळ कुणीच नव्हतं.