रडणारा परवाना

(औषध दुकानाच्या परवाना नूतनीकरणाचा अर्ज. जागा अपुरी पडल्यास पुरवणी जोडावी, असं छापलंय. जोडतोय.)

व्यवसाय: किरकोळ औषधविक्री. गेला महिनाभर मात्र चमत्कार. शटर वर करेपर्यंत रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली. चौकटीतला माझा परवाना रडतो! काचेवरून थेंब ओघळतात, लोक ते कापसाने टिपून डोळ्यांना, गुडघ्यांना लावतात.

“सरकारी कागदाला पाझर फुटला,” शेजारचा न्हावी सांगत असतो, “ही काय साधी गोष्ट आहे?”

पात्रता: नोंदणीकृत फार्मासिस्ट. तरी रोज परवान्याला हात जोडत होतो. गर्दी वाढली की अश्रू वाढतात, हे पाहून दाढीही राखायला घेतली होती.

जागा: नियमात बसेल एवढीच. म्हणून फ्रीज वरच्या फळीवर. परवाना दर्शनी भागात हवा, म्हणून फ्रीजच्या बरोबर खाली.

तपासणी: औषध निरीक्षक बाई आल्या तेव्हा रांगेत पहिली माझी मावशी.

“अरे, तुझं इन्सुलिन महिनाभर टोचतेय, साखर काही उतरत नाही. आजपासून सुया बंद. हे थेंबच घेते.”

“घे मावशी, श्रद्धेने घे.” (हे वाक्य खोडणार होतो. अर्जात खाडाखोड चालत नाही.)

बाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या. कागदाची पट्टी फ्रीजच्या दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. अलगद निघून आली.

“दाराचं रबर गेलंय. गार हवा फटीतून खालच्या काचेवर पडते. थंड बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तसं हे.”

“पण गर्दी झाली की जास्त कसं रडतो?” न्हावी हटेना.

“एवढी माणसं एवढ्याशा खोलीत श्वास सोडतात. ती वाफच काचेवर जमते. तुम्ही डोळ्याला लावलीत ती शेजाऱ्याच्या तोंडची वाफ.”

न्हाव्याने गुपचूप डोळा पुसला.

फ्रीजच्या आत बाईंनी तापमापक ठेवला. सतरा अंश. इन्सुलिनला आठच्या वर जाता कामा नये.

“रोजच्या तापमानाची वही?”

दिली. चार, चार, चार.

“आज एकोणीस तारीख. तुम्ही तीसपर्यंत भरलंय. उद्याचं तापमान आजच कळतं? मग खरे बाबा तुम्हीच की!”

रांग खदखदून हसली. मावशी हसली नाही.

“म्हणजे औषधच बाद होतं? आणि मी आपलं अर्धपोटी राहून स्वतःलाच बोल लावत होते.”

केलेली कार्यवाही: मावशीला त्याच पावली डॉक्टरकडे नेलं. फ्रीजमधला माल नष्ट करायला दिला. ज्यांना ज्यांना इन्सुलिन विकलं, त्यांच्या दारात जाऊन सांगतोय. तीन घरं झाली, सतरा राहिलीत. दाढी काढली. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत.

विनंती (रांगेतल्या सगळ्यांना): औषध लागू पडत नसेल तर ते मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. काच रडली तर का रडते ते शोधा. आणि परवान्याला नमस्कार कसले करता? दुकानदाराला म्हणा, फ्रीज उघड, तापमापक दाखव. चिडला तर दुसरं दुकान गाठा.

आजचं तापमान: पाच.

उद्याचं: माहीत नाही.