धाकटीच्या प्रबंधातले धागे

स्वरूपाला पीएचडी मिळाली आणि निरवांगीत आमच्या दारापुढं मांडव पडला. ती माझी धाकटी जाऊ. सकाळपासून मी हसरं तोंड करून पाहुण्यांना चहा देत होते आणि आतून नुसता जळफळाट चालला होता. एमएस्सीला मी विद्यापीठात पहिली आलेली. लग्नानंतर पुढं शिकते म्हटलं, तर सासरे, आबासाहेब, म्हणाले, "आता घर बघायचं." हिच्या वेळी मात्र तेच आबा गाडी काढून तिला बारामतीच्या कॉलेजात सोडायला जायचे. आता एकदा तरी आबांनी चारचौघांत म्हणावं, थोरलीलाही हे जमलं असतं, एवढंच मला हवं होतं.

शाल-श्रीफळ झालं. कळंबच्या तानूबाई पुढंच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, शिकलीस काय ते तरी सांग." स्वरूपा उठली आणि दुसऱ्याच वाक्याला इंग्रजीत अडकली. तिला घाम फुटला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी पुढं होऊन माइक घेतला.

"आपल्या अंगातल्या पेशींत प्रोटीनचे बारीक धागे असतात," मी म्हणाले. "एक जात ताठ, फार वाकवली की मोडते. दुसरी थोडी ताणली की तुटते. तिसरी दुप्पट लांबते, तरी तुटत नाही. हिसका दिला तर ताठरते, सावकाश ओढली तर वाढत जाते. सोडली की मूळ लांबीवर येते, पण पुन्हा ओढताना पहिल्याइतका जोर धरत नाही. किती ओढल्यावर किती सैल पडते, ते स्वरूपानं मोजलं."

"आता कळलं बघ," तानूबाई म्हणाल्या. मी आबांकडं पाहिलं. ते फेटा सावरत उठले.

"बघा मंडळी, आमच्या धाकटीनं थोरलीलाबी शिकवून तयार केलं. अशी सून मिळाया नशीब लागतंय."

मी माइक खाली ठेवला. तेवढ्यात स्वरूपाच बोलली.

"न्हाय आबा, उलटं हाय. परीक्षेला ताईंनीच माझा अभ्यास घेतला. प्रबंधसुद्धा आधी त्यांनीच तपासून दिला. मला येतं ते त्यांच्यामुळं."

सगळं खरं होतं. आबांचे डोळे भरून आले.

"केवढं मन पोरीचं," ते म्हणाले. "एवढी शिकली, पण थोरलीचा मान सोडला न्हाय."

टाळ्या पडल्या, त्याही तिलाच. ती माझ्या पाया पडायला वाकली. सगळे बघत होते, म्हणून मी तिला उठवून पोटाशी धरलं.