पलीकडची घंटा

पलीकडच्या काठावर उंच खांबाला घंटा होती. अलीकडे यायचं असलं की माणसाने खालून दोरी ओढायची आणि नावाड्याने हातातला घास टाकून नाव सोडायची. मग तिथल्या रानाचं पक्षी अभयारण्य झालं. घंटेने पक्षी अंडी सोडून उडतात म्हणे! वनखात्याच्या साहेबांच्या हुकुमावरून नावाड्याने स्वतःच्या हाताने तिचा लोलक काढला. नाव आता ठरल्या वेळीच सुटायची.

"मग दोरी कशाला ठेवलीत?" बायकोने विचारलं.

"असू दे गं. कुणाचं काय खाते ती?"

नावाड्याचा थोरला भाऊ जन्माचा बहिरा, वर्षभर परगावी सुतारकामाला गेलेला. त्याला हे कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो भरदुपारी पलीकडे पोचला, तेव्हा नावाडी जेवून आडवा झाला होता.

संध्याकाळच्या फेरीला खांबाखाली त्याची पिशवी आणि चपला सापडल्या. प्रेत दोन वळणं खाली मिळालं.

"पोहत यायची एवढी कसली घाई?" लोक हळहळले.

नावाड्याने भावाच्या मुठी उघडल्या. दोन्ही तळहात दोरीने सोलून निघाले होते.