उपकाराची फवारणी

बहिणीचं बाळंतपण आटोपून ती घरी परतली, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिला वास आला. गोडसर, घशाला चिकटणारा. तशीच ती मागच्या शेतात गेली. कोबीची पानं चकचकत होती. तिनं एक पान उलटलं. काळ्या, काटेरी अळ्या आखडून मेल्या होत्या. पुढच्या पानाखालीही तेच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुट्टीला आलेला धाकटा दीर ओट्यावर चहा पीत होता.

"फवारणी कुणी केली?"

"मी. वहिनी, पानापानावर किडे होते. दिसायला काय भयंकर! म्हटलं, तुम्ही येईपर्यंत पीक साफ होईल."

"ते कोबी खात नव्हते, भावोजी. कोबीचा रस शोषणारा मावा खात होते. लाल भुंगेरे असतात ना ठिपक्यांचे, तुमची मुलगी हातावर खेळवते ते? त्यांची पिल्लं होती ती."

"मला काय माहीत?"

"माहीत नव्हतं तर विचारायचं. खिशात फोन होता ना?"

नवरा मध्ये पडला. "जाऊ दे गं. आपल्या भल्यासाठीच केलं त्यानं."

"माझं भलं मला विचारून करत जा."

फुलांतला पराग खाऊन ते भुंगेरे टिकावेत म्हणून तिनं बांधावर कोथिंबीर फुलावर सोडली होती. ही बाई किडे पाळते म्हणून लोक हसले, तेही तिनं पोटात घातलं होतं.

हा कोबी पाळणाघरात जायचा होता. तिनं तिथल्या स्वयंपाकीणबाईंना फोन लावला.

"कोबीवर औषध पडलंय. यावेळी घेऊ नका."

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. दीर उठून उभा राहिला. "तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कळणार होतं?"

"मला. पोरांच्या ताटात जाणार होता तो."

पुढं व्हायचं तेच झालं. मावा परत आला, आणि त्याला खाणारं शेतात कुणी उरलं नव्हतं. गड्डे चिकट, काळपट झाले. एका सकाळी ती शेतात गेली, तर दीर पंप पाठीला लावून तयार.

"आता तरी मारू द्या, वहिनी."

"पंप उतरवा."

"अख्खं पीक जाईल."

"ते तुम्ही आलात तेव्हाच गेलं. उतरवा म्हणते ना."

तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यानं मुकाट्यानं पट्टे सोडले. तिनं पंप कोठीत टाकून कुलूप लावलं आणि कोबी उपटायला घेतला. थोड्या वेळानं नवरा येऊन शेजारच्या ओळीला लागला.

"त्याला एकदा माफ करून टाक."

"जेवायला वाढतेय ना? तेवढं पुरे."

दीर गेला त्या दिवशी तिनं डबा भरून दिला. दारापर्यंत मात्र गेली नाही. मोकळ्या वाफ्यात तिनं पुन्हा कोथिंबीर पेरली. भुंगेरे केव्हा परततील, ते सांगता येत नव्हतं. नवऱ्यानं विचारलं तेव्हा ती फटकन म्हणाली, "तुमच्या भावाला विचारा."