काळ्या खिडकीतला मंत्र

बोरटोल्याच्या ग्रामसभा कार्यालयात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना पोरं लोंबकळत होती, ओसरीवर बाया दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं ते पुढच्यांना विचारत होते, "आता काय करून राहिले जी महाराज?" आत टेबलावर गावाचा एकुलता एक संगणक होता. पडद्याला झेंडूची माळ, कीबोर्डवर कुंकू. समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर वाघाच्या छापाचं ब्लँकेट अंथरून श्री संगणकनाथ महाराज विराजमान झाले होते.

महाराजांची कीर्ती मोठी होती. निदान त्यांच्या पोस्टरवर तरी तसं छापलेलं होतं.

"माणूस मरतो, पण त्याचा डेटा भटकतो," महाराज डोळे मिटून म्हणाले. "भटकता डेटा कुणाच्या नजरेत अडकला, की समझो गया. तुमच्या गावचे चार फोल्डर असेच अडकलेत, देवा. कुणाच्या नजरेत, ते मी परवाच सांगितलंय."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारात मोनाली उभी होती.

भिंतीला टेकलेल्या योगराजने मान खाली घातली. तो ग्रामसभेचा सचिव, आणि मोनाली त्याच्या वारलेल्या भावाची मुलगी. बावीस वर्षांची. संगणक चालवता येणारी गावात ती एकटीच. गावाने सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी दोन वर्षं खपून पुरावे जमवले होते: जुने कागद, तेंदूपत्ता गोळा करायच्या फड्यांचे नकाशे, म्हाताऱ्यांचे मोबाईलवर चित्रित केलेले जबाब. गावाच्या चार टोल्यांचे, म्हणजे वस्त्यांचे, चार फोल्डर मोनालीनेच लावले होते. शुक्रवारी सकाळी तिने संगणक उघडला तर चारही गायब. कचरापेटी रिकामी. लपलेल्या फायली दाखवणारी खूण करून पाहिली, तरी काही नाही. आणि सोमवारी, म्हणजे उद्याच, देवरीला समितीपुढे सुनावणी.

फुलवंताबाई सर्वांत आधी महाराजांकडे धावली होती. तिचा नवरा झामसिंग उन्हाळ्यात वारला, त्याचा जबाब त्यातच होता. महाराजांनी मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या तळहातात पाहिलं आणि सांगितलं, "संगणकाजवळ बसणारीच आहे." मग फुलवंताबाईच्याच तोंडून तो शब्द बाहेर पडला. टोनही. जादूटोणा करणारी बाई. शनिवारी मोनाली हातपंपावर गेली तेव्हा बायांनी आपापल्या पाण्याच्या गुंड्या उचलून घेतल्या. या पट्ट्यात तो शब्द एकदा चिकटला की बाई माहेरी, सासरी, शेतात, कुठेच सुखाने जगत नाही, हे योगराजला चांगलं ठाऊक होतं.

महाराजांचा उपाय सोपा होता. तलावाकाठची दोन एकर जागा आश्रमाला द्यावी, आणि मोनालीने कार्यालयाचा उंबरा पुन्हा ओलांडू नये. तसा ठराव आज योगराजने वहीत लिहायचा होता.

योगराजला रात्रभर झोप नव्हती. गुरुवारी दुपारी महाराज पोस्टर छापायला आले, तेव्हा त्यानेच त्यांना त्या खुर्चीवर बसवलं होतं आणि मोनालीला चहा आणायला घरी पाठवलं होतं. संगणक उघडायलाही अडचण नव्हती. संगणक आला तेव्हा पासवर्डवरून ग्रामसभेत वाद झाला होता. सगळ्यांच्या पेटीला सगळ्यांपासूनच कुलूप कायले, असं म्हणून गावाने तो पासवर्ड ठळक अक्षरात भिंतीवर चिकटवून टाकला होता. "माऊसला हात न लावता काम करतो, बघा सचिवजी," असं म्हणत महाराज पडद्यावरच्या, संगणकाला थेट हुकूम लिहायच्या काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करत होते. योगराज फोनवर बोलत होता. साधुपुरुषावर शंका कशी घ्यावी, असं म्हणून त्याने ती दुपार मनातून काढून टाकली होती. पण ती जात नव्हती.

"एक फोल्डर नमुना म्हणून सोडवतो," महाराज म्हणाले. त्यांनी काळी खिडकी उघडली. पांढरी अक्षरं उमटू लागली, तसा त्यांचा आवाज चढला. "ॐ अट्रिबाय नमः. वजा एच, वजा एस, फट् स्वाहा." एंटर. शेजारच्या चौकटीत पाटीलटोल्याचा पिवळा फोल्डर उगवला. बायांनी हात जोडले, कुणीतरी नारळ फोडला. महाराजांनी खिडकी बंद केली. "बाकीचे तीन ठरावावर सही झाली की."

"काकाजी," दारातून मोनाली म्हणाली, "मले एक विचारायचं हाय."

"तिला बोलू देऊ नका," महाराज म्हणाले.

"महाराजांनी वजा एच लिवलं. मी पाह्यलं. वजा कराले आधी कोनीतरी अधिक केलं पाह्यजे ना? ते कोनं केलं? मले दोन मिनिटं बसू द्या."

"अपवित्र हात लागला तर उरलेलं सगळं जळून जाईल. मग माझी जबाबदारी नाही," महाराजांनी बजावलं.

सगळे योगराजकडे पाहू लागले. नाही म्हणणं सोपं होतं. पोरीला घरी पाठवायचं, ठराव लिहायचा, सोमवारी देवरीची बस पकडायची. तो दोनदा खाकरला.

"बस, पोरी," तो म्हणाला. "जरन तं जरन."

महाराज खुर्चीवरून उठेनात, तेव्हा योगराजने ब्लँकेटच ओढलं. मोनाली बसली. तिने तीच काळी खिडकी उघडली आणि कीबोर्डवरचा वरच्या बाणाचा खटका दाबला.

"या खिडकीले लिवलेलं लक्षात राह्यते, बंद केली तरी," ती म्हणाली. "हा बाण दाबला का आधीची ओळ परत येते. हे पाहा, आता महाराजांनी लिवलं ते. वजा एच म्हनजे झाकलेलं उघड. आता त्याच्या आधीचं पाहा."

तिने पुन्हा बाण दाबला. महाराजांच्या पोस्टरची फाइल उघडल्याची ओळ आली. पुन्हा दाबला. अधिक एच, अधिक एस, आणि पुढे एका टोल्याचं नाव. पुन्हा, दुसऱ्या टोल्याचं. चारही टोले आले. आणि त्यांच्या आधी पेनड्राइव्हवरून तेच पोस्टर आणल्याची ओळ.

"अधिक एच म्हनजे झाक. संगं अधिक एस लावलं का मशीन त्याले आपला स्वतःचा सामान समजते आन कोनाले दाखवत नाई. म्हून मले सापडलं नाई." ती ओसरीवरच्या बायांकडे वळली. "फडीवर कोनं तेंदूच्या पुड्यावर गोनपाट टाकलं, तं ठेकेदाराचा मुनशी तो पुडा मोजत नाई. पन पुडा तेथंच राह्यते ना? हे तसंच हाय. फोल्डर कोठंच गेले नोयते."

"ही लडकी झूठ बोलते," महाराज म्हणाले, पण आता त्यांचा आवाज बसला होता. "हे सगळं तिनेच लिहिलंय."

लोक कुजबुजले. योगराजला कळलं की आता गप्प राहिलो तर उरलेला सगळा जन्म आपण गप्पच राहू.

"वर पोस्टर, खाली पोस्टर, आन मंधात फोल्डर झाकले," तो म्हणाला. "एकाच बैठकीतलं काम हाय हे. गुरुवारी त्या खुर्चीवर हेच होते. मी बसवलं. मोनाली घरी चहा करून राह्यली होती. मले मालूम होतं, आन मी तीन दिवस बोललो नाई."

महाराजांनी संगणकाला लावलेला आपला पेनड्राइव्ह काढून घेण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा गावच्या दोन पोरांनी तो हात धरला आणि तिसऱ्याने सालेकशाला पोलिसांना फोन लावला. जादूटोण्याच्या नावाने बाईला बदनाम करणं या राज्यात गुन्हा आहे, हे महाराजांना गावापेक्षा आधीच ठाऊक होतं. त्यांनी आपलं खरं नाव चुन्नीलाल असल्याचं आणि पूर्वी संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम केल्याचं न विचारताच सांगून टाकलं.

आणि मग जे झालं त्याने योगराज जास्त घाबरला. फुलवंताबाई रडत पुढे आली आणि मोनालीच्या पायांवर वाकली. "देवी हाय वं माय तू. महाराजापेक्षा तुहा मंत्र भारी."

मोनालीने पाय मागे घेतले. ती चिडली होती, आणि ते तिने लपवलं नाही.

"परवा टोनही, आज देवी. मी मोनाली हाय, काकीजी. तुमच्या घरी भात खाल्लेली मोनाली. मंत्र नाई हा. इकडं बसा, तुम्ही करा."

"मले लिवता येत नाई, बाई."

"लिवू नका. मी ओळ आनतो. हे अधिकचं चिन्ह दोनी जागी पुसा, आन ही आडवी रेघ दाबा."

फुलवंताबाईने पदराने बोट पुसलं आणि मोनाली दाखवेल तसा एकेक खटका दाबला. एंटर दाबताना तिने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा खालच्या टोल्याचा फोल्डर समोर होता. मोनालीने तो उघडून झामसिंगचा जबाब लावला. पडद्यावर म्हातारा खोकला, आणि आपल्या आजाने जंगलात कुठे कुठे मोह वेचला ते सांगू लागला. फुलवंताबाई ऐकत राहिली. मग ती मोनालीकडे न पाहता म्हणाली, "म्या म्हनलं होतं तो शब्द. सगळ्यांत पह्यले म्याच."

मोनालीने मान हलवली. उरलेले दोन फोल्डर ओसरीवरच्या दोघी जणींनी येऊन काढले.

गर्दी पांगल्यावर योगराज वही घेऊन बसला. मोनाली कीबोर्डवरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसत होती.

"काकाजी," ती म्हणाली, "आज मले तो बाण सापडला. नसता सापडला, तं मी टोनहीच राह्यली असती ना?"

योगराजकडे उत्तर होतं, आणि ते होय असं होतं. त्याने ते तसंच दिलं.

मग त्याने ओसरीवर उरलेल्या लोकांना आत बोलावलं, महाराजांच्या ठरावाचं, नुसता मथळा लिहिलेलं पान त्यांच्यासमोर खोडलं आणि नवीन पानावर लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. "गुरुवारी महाराजांना खुर्चीवर मी बसवलं. मला शंका आली होती, तरी मी विचारलं नाही. यापुढे गावात कुणी चमत्कार सांगितला, तर तो कसा केला हे आधी त्यालाच विचारायचं. त्याने सगळ्यांसमोर करून दाखवायचं, आणि मग आपल्यातल्या कुणीतरी तेच करून पाहायचं. तोवर गावातल्या कुठल्याही बाईचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही." वाचून झाल्यावर त्याने खाली पहिली सही स्वतःची केली आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड फुलवंताबाईपुढे सरकवलं.